काना काढा

१

लातूरच्या त्या महाविद्यालयाचं नाव इथं सांगत नाही. सांगितलं तर संस्थाचालक एक तर हार घेऊन येतील नाही तर वकील, आणि दोन्ही सारखेच तापदायक. तिथं एक मराठी विभाग आहे, विभागावर संशोधन केंद्राची पाटी आहे, आणि त्या पाटीखाली बसणाऱ्या विद्वानांनी गेल्या दहा वर्षांत ग्रंथालयातून नेलेली पुस्तकं दोन हातांच्या बोटांवर मोजता येतात. एवढी ओळख पुरे.

ही मोजदाद सुकन्या मॅडमची. त्या तिथल्या ग्रंथपाल. माहेर अहमदपूरकडचं, नोकरी सत्तावीस वर्षांची, निवृत्तीला चौदा महिने उरलेले. प्राध्यापक या प्राण्याबद्दल त्यांचं मत वाईट होतं आणि ते लपवायची तसदी त्या घेत नसत.

सोमवारी सकाळी प्राचार्य दयानंद सरांनी त्यांना बोलावून घेतलं. टेबलावर एक पाकीट होतं. आत तक्रार, खाली सही 'एक हितचिंतक'. तक्रार अशी की बुद्धप्रिया सोनकांबळे हिनं पीएच.डी.च्या प्रबंधातलं, सीमेवरच्या बायकांच्या बोलीबद्दलचं, तिसरं प्रकरण जसंच्या तसं चोरलेलं आहे, आणि चोरलंय तेही कुणाचं, तर स्वतःच्या मार्गदर्शकांचं. डॉ. किशनराव यांचा हाच मजकूर २०१९ सालापासून तीन संकेतस्थळांवर आहे. हितचिंतकानं ग्रंथालयातला बांधीव प्रबंध उघडून एक वाक्य सहज तपासलं आणि चोरी उघडी पडली. पुरावा म्हणून शोधखिडकीची छापील प्रत जोडली होती.

ही शोधखिडकी गेल्याच वर्षी ग्रंथालयानं घेतली होती. पूर्वी एखादा लेख हवा असला की एकेका संकेतस्थळाच्या दारात जाऊन बसावं लागे. आता एका चौकटीत शब्द टाकायचे, की ती चाळीस संकेतस्थळं एकदम धुंडाळून कुठं काय सापडलं त्याची यादी पुढं ठेवते. वाक्य अवतरणचिन्हांत घातलं, तर अक्षरन् अक्षर जुळेल तेवढंच आणते. साधन चांगलं होतं. वापरणारे असे, की पहिल्या महिन्यात यच्चयावत प्राध्यापकांनी तिच्यात एकच गोष्ट शोधली, ती म्हणजे स्वतःचं नाव.

किशनराव सर शेजारच्या खुर्चीत सुतकी चेहऱ्यानं बसले होते. त्यांची मराठी तीस वर्षांत इतकी शुद्ध झाली होती की चहासुद्धा ते 'प्राशन' करत. मुलगी होतकरू आहे, आपल्या मनात आकस नाही, प्रकरण पुन्हा लिहून घ्यावे आणि तोंडी परीक्षा वर्षभराने व्हावी, एवढेच आपले नम्र म्हणणे आहे, असं ते म्हणाले.

वर्षभरानं. तोंडी परीक्षा येत्या शनिवारी होती, आणि त्यानंतरच्या सोमवारी मराठी विभागातल्या एकुलत्या एक कायम जागेची मुलाखत. अकरा वर्षांनी निघालेली जागा. पदवी हातात नसली तर बुद्धप्रियाला दारातूनच परत जावं लागणार होतं. मग उरत होता एकच उमेदवार, राजशेखर. तो विभागात तासिका तत्त्वावर शिकवायचा, म्हणजे तासाला हजर असला तर, आणि संस्थाचालकांच्या सुनेचा सख्खा भाऊ होता.

दयानंद सर मूळचे भौतिकशास्त्राचे, त्यामुळं मशीनचा कागद दिसला की त्यांची मान आपोआप लवायची. मशीननंच सांगितलंय, तुम्ही फक्त छापील प्रत खरी आहे अशी सही करा, असं ते म्हणाले. सुकन्या मॅडमनी सांगितलं की न बघता सही करायची पद्धत मराठी विभागात आहे, ग्रंथालयात नाही.

त्यांनी ग्रंथालयात येऊन बांधीव प्रबंध काढला, पान एकशे बारा उघडलं, तक्रारीतलं ते वाक्य पानावर शोधून काढलं आणि पानावर बघून, अवतरणचिन्हांत, शोधखिडकीत टाकलं. चाळीस संकेतस्थळं धुंडाळून झाली. उत्तर आलं, शून्य.

२

पुन्हा टाकलं. पुन्हा शून्य. मग त्यांनी तेच वाक्य तक्रारीला जोडलेल्या छापील प्रतीवरून बघून टाकलं, आणि क्षणात तीन ठिकाणं हजर झाली. मॅडमनी चष्मा पुसला. दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षरावर पेन्सिलीचं टोक ठेवत गेल्या.

प्रबंधात होतं, 'सुगीच्या दिवसांत बायका सावडीनं एकमेकींच्या रानात जात, आणि शब्दही तसेच इकडून तिकडं जात.' छापील प्रतीत होतं, 'सुगीच्या दिवसांत बायका सवडीनं एकमेकींच्या रानात जात,' आणि पुढचं सगळं तसंच. फरक एका कान्याचा होता.

दुपारी त्यांनी बुद्धप्रियाला बोलावलं. बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यातली ही पोर. आई रोजानं जाणारी, घराण्यात पदवीधर ही पहिलीच. ती रडली नव्हती, पण दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबून धरले होते. विभागात सकाळीच निकाल लागून गेला होता. 'यांच्यात असंच असतं,' असं कुणीतरी, तिला नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात, म्हणालं होतं. किशनराव सरांचा असा लेख असल्याचं तिला सहा वर्षांत कधी कळलं नव्हतं. सरांनी सांगितलं नव्हतं आणि तिनं शोधलं तेव्हा सापडलं नव्हतं. घरी काय सांगू, एवढंच ती दोनदा म्हणाली.

मॅडमनी तिच्यापुढं दोन्ही कागद ठेवले. तिनं बघितलं आणि पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"सवड नाही, मॅडम. सावड. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, ती सावड. आमच्या भागातल्या सरजाबाई मावशींनी सांगितलेलं आहे, प्रकरणातली निम्मी माहिती त्यांचीच. सुगीत बायांना सवड कुठली? पाणी प्यायला सवड नसते."

मग तिला आठवलं. प्रबंध टाइप करणाऱ्या सिद्धरामनं पहिल्या प्रुफात ही चूक केली होती. वाक्याला अर्थ लागत होता म्हणून दोनदा वाचूनही ती निसटली, तिसऱ्यांदा सापडली, तेव्हा तिनं लाल पेनानं काना घातला. दुसऱ्या प्रुफात आणि बांधीव प्रबंधात शब्द बरोबर होता.

सुकन्या मॅडमनी दोन्ही कागद पुन्हा जवळ ओढले. हितचिंतक म्हणत होता की वाक्य बांधीव प्रबंधातून घेतलं. पण बांधीव प्रबंधातलं वाक्य टाकलं तर हाती शून्य येत होतं. म्हणजे टाकणाऱ्याच्या हातात बांधीव प्रबंध नव्हताच. त्याच्या हातात पहिलं प्रूफ होतं.

३

सिद्धरामचं दुकान महाविद्यालयामागच्या गल्लीत. झेरॉक्स, टायपिंग, बायंडिंग. माणूस निलंग्याकडचा, बोलण्यात कन्नडचा हेल. लातुरातले निम्मे प्रबंध त्याच्या बोटांखालून गेलेले. त्यातले किती एकमेकांची भावंडं आहेत हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्या पोटात ठेवलेल्या माहितीवरच त्याचा धंदा चालला होता.

मंगळवारी मॅडम दुकानात शिरल्या तशी त्यानं खुर्ची पुसून दिली. फाईल तुझ्याकडून बाहेर गेली का, असं त्यांनी सरळ विचारलं. त्याला वाईट वाटलं. तो अजून जुन्याच फॉन्टात टाइप करतो, आणि त्या फॉन्टातला मजकूर कुठल्या संकेतस्थळावर चिकटवला तर अक्षरांचा नुसता कचरा दिसतो, हे त्यानं करून दाखवलं. वाचता येईल असा लेख ज्यानं चढवला, त्यानं कागद समोर ठेवून नव्यानं टाइप केला होता.

"माझ्याकडून फाईल न्हाई गेली मॅडम. मी पंचवीस वर्सं हेच करून राहिलो. चूक केली आसंल, चोरी न्हाई."

चूक मात्र त्यानं कबूल केली. बुद्धप्रियाचं हस्तलिखित अजून त्याच्या तारेला अडकवलेलं होतं. त्यानं ते काढून दिलं. तिसऱ्या प्रकरणात निळ्या शाईत, ठसठशीत कान्यासकट, 'सावडीनं' होतं. पहिलं प्रूफ गेल्या श्रावणात निघालं, तारीख त्याच्या वहीत होती. प्रती दोन. एक बुद्धप्रियानं नेली. दुसरी किशनराव सरांच्या नावानं पाकिटात घालून सिद्धरामनं स्वतः विभागात ठेवली. सर तेव्हा तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला विष्णुपुरीला, विद्यापीठात, गेले होते. खोलीत राजशेखर सर होते, त्यांनी टेबलावर ठेवा म्हटलं.

मॅडम हस्तलिखित पिशवीत घालून परत निघाल्या. चालता चालता त्यांनी हिशेब लावला. कान्याची चूक सिद्धरामच्या बोटानं केली, गेल्या श्रावणात, या दुकानात. त्याआधी ती चूक जगात कुठंच नव्हती. मग तीच चूक २०१९ सालच्या लेखात पाच वर्षं आधी जाऊन कशी बसली?

लेख पाकिटातून निघाला होता, हे आता पक्कं होतं. पाकीट दोघांपैकी एकानं फोडलं होतं. एकाला लेख मिळत होता, एकाला जागा.

४

बुधवारी त्यांनी आधी किशनरावांना गाठलं. सुकन्या मॅडमचा सगळा संशय या माणसावर होता, आणि खरं सांगायचं तर तो संशय खरा ठरावा अशी त्यांची इच्छाही होती. शिष्येच्या कष्टावर स्वतःचं नाव घालणारे मार्गदर्शक त्यांनी पाहिले होते. हा त्यातलाच एक निघाला असता तर नवल नव्हतं.

लेख कधी लिहिला, असं त्यांनी विचारलं. सर छताकडं बघत म्हणाले की लेखन विपुल झाले आहे, प्रत्येकाची तिथी स्मरणात राहत नाही. कुठल्या गावात माहिती गोळा केली, या प्रश्नावर 'सीमावर्ती परिसर' असं उत्तर आलं. प्रुफाचं पाकीट त्यांनी कपाटावरून काढून दाखवलं. त्यावर धूळ होती, चिकटपट्टी मात्र नवी होती. आपण ते उघडलेले नाही, अंतिम प्रबंध पाहणे अधिक श्रेयस्कर, असं ते म्हणाले. अंतिम प्रबंधही त्यांनी पाहिला नसणार हे मॅडमना ठाऊक होतं.

मग मॅडमनी बोलता बोलता विचारलं, सर, सावड म्हणजे काय हो?

किशनरावांचा चेहराच बदलला. त्यांच्या घरी एकच बैल होता. शेजारच्या पंढरीकाकांचा एक. दोघांची सावड. नांगरट आधी कुणाची यावरून दोन्ही घरांतल्या बायका आठ आठ दिवस बोलत नसत आणि तरी खुरपायला एकमेकींच्याच रानात जात. ते सांगत राहिले, पाच मिनिटं, आणि त्या पाच मिनिटांत एकही संस्कृत शब्द त्यांच्या तोंडून आला नाही.

मॅडमनी लेखातली ओळ त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती वाचली. 'सवडीनं' वर नजर थांबली. मान खाली गेली.

सुकन्या मॅडमना उलगडा झाला, आणि संशय गेला तरी तिटकारा दुप्पट झाला. ज्या माणसानं सावडीत बालपण काढलं तो 'बायका सवडीनं रानात जात' असं झोपेतही लिहिणार नाही. लेख यांनी लिहिलाच नव्हता. दिवाळीच्या सुमारास सर बढतीसाठी लेखांची यादी करायला ग्रंथालयात बसले होते ते त्यांना आठवलं; शोधखिडकीत स्वतःचं नाव टाकलं, एक न लिहिलेला लेख सापडला, आणि या गृहस्थांनी तो न वाचता आपल्या बढतीच्या फाईलीत लावून दिला. फाईल वर गेली होती. आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. चढवणाऱ्यानं किशनरावांचं नाव घातलं ते याच खात्रीनं, की हा माणूस फुकट मिळालेला लेख कधी नाकारणार नाही.

राजशेखर त्यांना विभागाच्या व्हरांड्यात भेटला. इस्त्रीचा सदरा, तोंडभर 'मॅडम मॅडम'. चौकशी समितीचा चिटणीस म्हणून त्याचीच नेमणूक झाली होती, कारण विभागात अक्षर चांगलं त्याचं. बुद्धप्रियाबद्दल त्याला अतोनात वाईट वाटत होतं. तक्रार त्यानं पाहिली नव्हती, ती प्राचार्यांच्या कपाटात होती. लेखही वाचला नव्हता.

"मुद्दामच नाही वाचला, मॅडम. समितीत आहे ना. मन निःपक्षपाती पाहिजे."

न वाचणं हा या विभागातला सगळ्यात जुना गुण, पण त्याला तत्त्वाचं नाव देणारा हा पहिलाच, असं मॅडमच्या मनात आलं. लेख वाचला नाही, तक्रार पाहिली नाही, एवढं एक वाक्य त्यांनी त्याच्याकडून समितीच्या वहीत लिहून घेतलं, सहीसकट. मग ग्रंथालयात जाऊन दार लावून घेतलं आणि दीड तास त्या काहीतरी टाइप करत बसल्या.

५

गुरुवारी प्राचार्यांच्या दालनात बैठक बसली. दयानंद सर, किशनराव, वही घेऊन राजशेखर, आणि कोपऱ्यात बुद्धप्रिया. सुकन्या मॅडमनी शोधखिडकी भिंतीवरच्या पडद्यावर लावली होती.

त्यांनी प्राचार्यांना विनंती केली की तक्रारदारानं केलं तेच आपण करू. बांधीव प्रबंध उघडा, पान एकशे बारा, सुगीचं वाक्य मोठ्यानं वाचा. दयानंद सरांनी वाचलं, मॅडमनी टाइप केलं. चाळीस संकेतस्थळं, शून्य. दयानंद सर म्हणाले, परत करा. परत शून्य. नेट गेलं असेल म्हणून त्यांनी शिपायाला बोलावलं. नेट चालू होतं. तिसऱ्यांदाही शून्यच आलं.

दयानंद सर वैतागले. मशीनच्या पुढं लवणारी त्यांची मान मशीननं दगा दिल्यावर ताठ झाली. हे असं असेल तर तक्रारच खोटी, फाईल बंद करा, असं ते म्हणाले आणि त्यांनी टोपण काढून पेन हातात घेतलं.

"एक मिनिट सर," राजशेखर वहीतून वर बघत म्हणाला. "मॅडमची टायपिंगची चूक होऊन राहिली. सवडीनं पाहिजे तिथं. काना काढा."

मॅडमनी काना काढला. पडद्यावर तीन ठिकाणं आली.

राजशेखरला आपण काय केलं ते कळायला थोडा वेळ लागला. सुकन्या मॅडमनी वही त्याच्याच हातून घेतली आणि त्याचं कालचं वाक्य वाचून दाखवलं. लेख वाचला नाही, तक्रार पाहिली नाही. प्रबंधात काना आहे, तो प्राचार्यांनी आत्ता मोठ्यानं वाचला. मग काना नसलेला शब्द त्याला कुठून ठाऊक, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, अंदाजानं. मॅडम म्हणाल्या की दोनशे चाळीस पानांत एका कान्याचा अंदाज बांधणारा माणूस तासिका तत्त्वावर ठेवणं बरं दिसत नाही.

मग त्यांनी हस्तलिखित काढलं, लाल पेनाचं पहिलं प्रूफ काढलं, सिद्धरामच्या वहीतली श्रावणातली तारीख दाखवली. ओळीनं सगळं सांगितलं. चूक कुठं झाली, पाकीट कुणाच्या हाती गेलं, कसं चिकटवून परत ठेवलं, आणि प्रबंध बांधून दाखल होईपर्यंत सहा महिने कसं गप्प बसायचं ठरलं. पहिल्या प्रुफात काय आहे हे राजशेखरनं नीट पाहिलं होतं. शेवटच्या प्रतीत एक काना वाढलाय हे बघायला प्रबंध पुन्हा उघडावा लागला असता, आणि तेवढे कष्ट त्याच्यानं झाले नाहीत.

दयानंद सरांची तारखेवर मात्र श्रद्धा होती. पण त्यावर २०१९ आहे ना, आणि तेही तीन ठिकाणी, असं ते म्हणाले. मॅडम याचीच वाट बघत होत्या. त्यांनी शोधखिडकीत एक नाव टाकलं, आणि पडद्यावर आलं, 'ग्रंथालयातील झुरळे: एक चिंतन', लेखक प्राचार्य डॉ. दयानंद, तीन संकेतस्थळं.

दयानंद सर पुढं वाकले. चेहऱ्यावर समाधान पसरलं. हा बहुधा आपण एखाद्या स्मरणिकेला दिला असेल, असं ते म्हणून गेले. मग त्यांची नजर सालाकडं गेली. १९४७. सर जन्मले त्याच्या एकवीस वर्षं आधी.

मॅडमनी शांतपणे सांगितलं की हा लेख त्यांनी स्वतः काल दुपारी चढवला. चढवणारा जे नाव आणि जे साल लिहील ते संकेतस्थळ घेतं, विचारत नाही. एकावर चढवला की बाकीची दोन तिथून उचलतात. एकाच विहिरीचं पाणी तीन नळांना येतं, म्हणून काही तीन विहिरी होत नाहीत. शोधखिडकीला खरं-खोटं कळत नाही, तिला फक्त जे जिथं आहे ते आणता येतं. कळायचं काम बसलेल्यांचं होतं.

राजशेखर उठून बाहेर गेला. त्याला कुणी थांबवलं नाही. आता सगळं संपलं असं बुद्धप्रियाला वाटलं, पण प्राचार्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

६

त्या बंद दाराआड ठरलं ते असं. अहवालात कुणाचं नाव घालायचं नाही. राजशेखर रजेवर जाईल आणि सोमवारी मुलाखतीला येणार नाही, ते संस्थाचालकांशी बोलून घेऊ. तक्रार 'तांत्रिक कारणास्तव निकाली'. आणि लेख कुणाचा याबद्दल अहवाल मौन पाळेल, कारण किशनरावांची फाईल वर गेलेली आहे. सुकन्या मॅडम भांडल्या. बाई, संस्थेची अब्रू, असं दोनदा ऐकून घेतलं. घरी जाताना त्यांना या माणसांची इतकी शिसारी आली की रिक्षावाल्यालाही त्या उगाच तोडून बोलल्या.

शनिवारी तोंडी परीक्षा होती. ती खुली असते, कुणीही येऊन बसावं. एरवी अल्पोपाहाराच्या पाकिटासाठी चार जण येतात, त्या दिवशी कुजबुजीमुळं सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सरजाबाई बसल्या होत्या, बिलोलीकडून पहाटेची एसटी धरून आलेल्या, पायातल्या चपला काढून खुर्चीखाली ठेवलेल्या.

बाहेरगावचे परीक्षक मोजकं बोलणारे गृहस्थ होते. तक्रारीची एक प्रत हितचिंतकानं त्यांनाही पाठवली होती. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, कागद उलटा करून मागं काही आहे का बघितलं, आणि बाजूला ठेवला.

"यात सगळं आहे, उत्तर नाही. तो लेख कुणाचा? हे कळल्याशिवाय मी परीक्षा सुरू करणार नाही. मार्गदर्शकांनी सांगावं."

किशनराव उभे राहिले. वस्तुतः, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. ज्ञान ही कोणा एकाची मालमत्ता नसते, संकल्पना या सामूहिक असतात, गुरू-शिष्य परंपरेत लेखनाची सीमारेषा धूसर असते. ते बोलत राहिले. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. दयानंद सर प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. सुकन्या मॅडम मागच्या रांगेत बसून ऐकत होत्या. ही पोर आता बुडणार आणि बुडवणाऱ्याच्या हाताला डागही लागणार नाही, असं त्यांना वाटलं.

बुद्धप्रिया व्यासपीठावर उभी होती. तिनं किशनरावांचं वाक्य अर्ध्यात तोडलं. सहा वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

"सर, एकच सांगा. लेख तुमचा हाय का न्हाई?"

किशनरावांनी तोंड उघडलं. समोर सरजाबाई त्यांच्याकडं बघत होत्या. रागानं नाही, शेजारच्या घरातल्या कर्त्या बाईनं बघावं तशा, उत्तराची वाट बघत. किशनरावांच्या हातातला रुमाल खाली पडला आणि त्यांनी तो उचलला नाही.

"न्हाई," ते म्हणाले.

मग ते बुद्धप्रियाकडं वळले.

"माझा न्हाई. मी लिहिला न्हाई. वाचला बी न्हाई."

परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं. प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून आपली सही आहे, 'हे संशोधन मी बारकाईने तपासले आहे' असं वर लिहिलंय, तो तरी वाचलाय का, असं त्यांनी विचारलं. दयानंद सर खुर्चीतून अर्धे उठले होते. किशनरावांनी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"तो बी वाचला न्हाई."

सुकन्या मॅडमना सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा रागही आला. परीक्षकांनी मार्गदर्शकांचं म्हणणं शब्दशः नोंदवून घ्यायला सांगितलं, त्याखाली स्वतःची सही केली आणि परीक्षा सुरू झाल्याची वेळ घातली.

किशनराव अजून उभेच होते. कुठं बसावं ते त्यांना कळत नव्हतं. बुद्धप्रियानं सरजाबाईंच्या शेजारची रिकामी खुर्ची दाखवली.

"बसा सर. आज ऐका," ती म्हणाली, आणि तिनं पहिल्या प्रकरणापासून सांगायला सुरुवात केली.